धर्म बुडाल्याची ओरड आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर



१४ एप्रिल आणि ६ डिसेंबर जवळ आले की आपल्या सगळ्यांच्या ग्रुपवर बाबासाहेबांवरची तीच ती भाषणे फिरू लागतात. जन्म महू येथे, आईचे नाव भीमाबाई, वडील रामजी, परदेशातल्या मोठमोठ्या पदव्या, राज्यघटनेचे शिल्पकार, एवढे बोलून मी माझे भाषण संपवतो. मुलं पाठ करतात, टाळ्या पडतात. त्या भाषणांत खोटं काही नसतं, पण एक गोष्ट त्यांत कधीच येत नाही. बाबासाहेबांनी मागितलं तरी काय होतं? तळ्याचं पाणी. देवळाचं दार. पुढे दिल्लीत मंत्री झाल्यावर लेकीसाठी बापाच्या मालमत्तेतला वाटा. मागण्या एवढ्या साध्या, मग त्यावर एवढा गदारोळ का झाला? पाचवीतलं मूल हे विचारतंच. पाणीच प्यायले ना मॅडम, मग मारलं कशाला, असं सरळ विचारतं. त्याचं उत्तर आपल्याजवळ पाहिजे. म्हणून हा लेख भाषणासाठी नाही, आपल्या मोठ्यांच्या वाचनासाठी आहे.

समाजशास्त्रात अशा गदारोळाला मॉरल पॅनिक म्हणतात. स्टॅन्ले कोहेन या अभ्यासकाच्या १९७२ च्या पुस्तकामुळे तो शब्द रूढ झाला. आपल्या बोलीत सांगायचं तर धर्म बुडाला, संस्कृती बुडाली, आता आयाबहिणींचं काही खरं नाही, अशी उठलेली ओरड. ओरडणारे सगळेच ढोंगी असतात असं नाही. पुष्कळ जण खरोखर घाबरलेले असतात. पण भीती सांगितली जाते एका गोष्टीची आणि हातून जाणार असते वेगळीच गोष्ट. बाबासाहेबांचं आयुष्य या नजरेने वाचलं तर बऱ्याच प्रसंगांचा उलगडा होतो.

भीमराव रामजी हे आईवडिलांचं चौदावं अपत्य, जन्म १४ एप्रिल १८९१ चा. वडील सैन्यात सुभेदार होते. घराण्याचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचं नाव दाखल झालं. तोच दिवस आपण शाळेत विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करतो. त्या शाळेत हा मुलगा घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसायचा आणि संध्याकाळी ते गोणपाट काखेत मारून घरी न्यायचा, कारण शाळेतला झाडूवालासुद्धा त्याला हात लावत नसे. तहान लागली तर नळाला हात लावायची सोय नव्हती. शिपायाने वरून पाणी ओतलं तर प्यायचं. शिपाई हजर नसला तर दिवसभर पाणी नाही.

त्याच सुमारास, बाबासाहेब नऊ-दहा वर्षांचे असताना, उन्हाळ्याच्या सुट्टीत ते, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुलं वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाले. मसूर स्टेशनवर उतरले. अंगावर चांगले कपडे, डोक्यावर टोप्या. वडिलांना पत्र वेळेवर मिळालं नव्हतं, त्यामुळे न्यायला कुणी आलं नाही. स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करत होते. मुलांनी जात सांगितली आणि ते मागे सरकले. बैलगाडीवाला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं. तेही कसं? गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार. रात्री टोलनाक्यावर मुक्काम पडला. जवळ घरचा डबा होता, पण प्यायला पाणी मिळालं नाही, म्हणून मुलं उपाशीच झोपली.

इथे एक गोष्ट बघा. या सगळ्या प्रसंगात कुठेच आरडाओरडा नाही. स्टेशनमास्तर शिव्या देत नाहीत, टोलवाला काठी उगारत नाही. सगळं अगदी शांतपणे चाललेलं आहे. ज्याने त्याने आपल्या जागेवर राहायचं, एवढा नियम पाळला की गाव शांत असतं. पूर्वी गावात किती गोडीगुलाबी होती, असं आपण आजोबांकडून ऐकतो ना, तेव्हा ही शांतता मला आठवते.

शिक्षणाचा पुढचा भाग तुम्हाला माहीत आहे. १९०७ ला मॅट्रिक, कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी भेट दिलेलं बुद्धचरित्र, १९१२ ला बी.ए., आणि १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाड महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. त्या काळची अमेरिका कशी होती, यावर मात्र आपण कधी बोलत नाही.

तिथे काळ्या माणसांना जमावाने पकडून झाडाला फाशी द्यायचे. याला लिंचिंग म्हणत. कारण ठरलेलं असायचं, की यानं गोऱ्या बाईची अब्रू घेतली. आयडा वेल्स नावाची एक काळी शिक्षिका होती, पुढे ती पत्रकार झाली. १८९२ साली मेम्फिस शहरात तिच्या ओळखीच्या तिघांना जमावाने मारलं. त्यांचा गुन्हा काय, तर त्यांचं किराणा दुकान शेजारच्या गोऱ्या दुकानदारापेक्षा चांगलं चालत होतं. मग तिने आधीच्या दहा वर्षांतली ७२८ प्रकरणं काढली. जवळजवळ दोन तृतीयांश प्रकरणांत तसा आरोपसुद्धा कुणी केलेला नव्हता. अब्रूची गोष्ट लोकांनी गृहीतच धरली होती! तिने हे छापल्यावर तिच्या वर्तमानपत्राची कचेरी जमावाने उद्ध्वस्त केली. बाबासाहेब न्यूयॉर्कला असतानाच, १९१५ साली, काळ्या पुरुषांपासून गोऱ्या बायकांना धोका आहे असं दाखवणारा द बर्थ ऑफ अ नेशन हा सिनेमा देशभर गाजला आणि कु क्लक्स क्लान ही संघटना पुन्हा उभी राहिली. त्याच शहरातून डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस हे काळ्या समाजाचे विद्वान क्रायसिस नावाचं मासिक चालवत होते. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. ड्यू बॉइसांनी आपुलकीने उत्तर पाठवलं.

९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, बाबासाहेबांनी कोलंबियात भारतातल्या जातींवर एक निबंध वाचला. सोप्या भाषेत त्याचा गाभा असा. जात टिकते ती लग्नाच्या कुंपणामुळे. जातीबाहेर लग्न होऊ द्यायचं नाही, हेच जातीचं मूळ. आणि ते कुंपण राखायचं असेल तर बाईवर पहारा हवा. सती, विधवेला पुनर्विवाहाची बंदी, मुलींची लहानपणीच लग्नं, या चालींकडे त्यांनी याच अंगाने बघितलं. म्हणजे जातीचा प्रश्न आणि बाईच्या शीलाचा प्रश्न हे दोन वेगळे विषय नाहीत, हे त्यांना त्या वयात दिसलं होतं. मला विचाराल तर त्यांच्या पुढच्या चाळीस वर्षांची किल्ली इथे आहे. जातीवर कुणी बोट ठेवलं की ओरड बायकांच्या नावाने का होते, ते यातून कळतं.

१९१७ मध्ये परतून ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. एवढा शिकलेला माणूस, पण राहायला घर मिळेना. नाव लपवून एका पारशी खाणावळीत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात उभे. खाणावळ बाटवली म्हणून जाब विचारायला आले होते. पारशी धर्मात जातीची शिवाशिव कुठे आहे? पण बाटण्याची भीती धर्म विचारून लागत नाही, शेजाऱ्याकडून शेजाऱ्याला लागते. त्या दिवशी बाबासाहेब सामान घेऊन बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले.

आता महाड. इथे मी जरा थांबणार आहे, कारण हा प्रसंग आपल्या भंडाऱ्याच्या मुलांना इतर जिल्ह्यांतल्या मुलांपेक्षा लवकर समजतो. आपला जिल्हाच तलावांचा. गावागावात मामा तलाव, शेताशेताला बोडी. तलाव कुणाचा, पाणी कोण घेणार, कुठल्या घाटावर कोण धुणार, हे आपल्याकडच्या आजीबाईंना तोंडपाठ असतं. घाट वेगळे का होते, हे तिला विचारलं तर ती जरा गप्प होते, तेवढंच.

महाडच्या तळ्याचं नाव चवदार. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाच्या विहिरी, तळी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. त्यावर महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळं सर्वांना खुलं केलं. नगराध्यक्ष होते सुरेंद्रनाथ टिपणीस. म्हणजे कागदावर परवानगी मिळून तीन वर्षं झाली होती. तरी एकही अस्पृश्य माणूस तळ्यावर गेला नव्हता. गावातला धाक कागदापेक्षा मोठा होता. इतर धर्माच्या लोकांना तिथे मनाई नव्हती, गुरंढोरं पाणी पीत होती.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला परिषद भरली. दूरदूरच्या गावांतून हजारो माणसं चालत आली. २० तारखेला सगळे रांगेने, शिस्तीत तळ्यावर गेले. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतलं, मग बाकीच्यांनी घेतलं, आणि लोक मंडपात परतले. तोवर काहीही झालं नाही. गावातल्या लोकांनी डोळ्यांनी बघितलं आणि गप्प राहिले.

मारहाण झाली ती नंतर, दोनेक तासांनी, आणि ती पाण्यावरून नाही तर एका अफवेवरून. हे मुलांना नीट सांगा. आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात घुसणार आहेत, अशी आवई उठली. परिषदेचा तसा काही बेत नव्हता. पण आवईने गाव पेटलं. लाठ्या घेऊन जमाव मंडपात शिरला. लोक जेवत होते. अन्न मातीत गेलं. परगावच्या लोकांना रस्त्यात गाठून मारलं, काही जण जीव वाचवायला मुसलमानांच्या घरात शिरले. पाणी पिणं डोळ्यांसमोर घडलं तेव्हा हात उठला नाही, आणि जे घडलंच नव्हतं त्यावर उठला. कारण पाण्यासाठी मारायचं तर नगरपालिकेचा ठराव आडवा येत होता. देवळाचं नाव घेतलं की मारणाऱ्याला आपण राखणदार आहोत असं वाटायला लागतं.

बाबासाहेब तेव्हा सरकारी बंगल्यात होते. त्यांच्या लोकांत सैन्यातून निवृत्त झालेले कितीतरी होते. एक शब्द निघाला असता तर महाडमध्ये त्या रात्री काय झालं असतं कोण जाणे. बाबासाहेबांनी तो शब्द काढला नाही. लोकांना आवरलं, जखमींची सोय केली आणि पोलिसांत तक्रार दिली. पुढे काही हल्लेखोरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. इकडे गावकऱ्यांनी तळं शुद्ध करून घेतलं. तळ्यातून १०८ घागरी पाणी काढलं, त्यात दूध, दही, शेण, गोमूत्र घातलं आणि परत तळ्यात ओतलं. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने स्वतःचा ठराव मागे घेतला.

सगळेच तिकडचे नव्हते, हेही सांगितलं पाहिजे. अनंतराव चित्रे, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे परिषदेच्या बाजूने उभे होते. डिसेंबरात दुसरी परिषद ठरली तेव्हा मंडपासाठी जागा मिळेना, ती फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थांनी दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळण्याचा ठराव सहस्रबुद्ध्यांनी मांडला, आणि ते जातीने ब्राह्मण होते. मनुस्मृतीचा विषय निघाला की काही पालक अस्वस्थ होतात. त्यांना मी एवढंच सांगते की ज्या पुस्तकाच्या आधाराने पाणी नाकारलं जात होतं त्याला तो जवाब होता. त्या दिवशी कुणा माणसाला इजा झाली नाही. मार्चमध्ये दुसऱ्या बाजूकडून काय झालं ते वर आलंच आहे.

डिसेंबरच्या सत्याग्रहाआधीच काही महाडकरांनी कोर्टातून मनाईहुकूम आणला. आता बघा गंमत. गावात ओरड धर्माची होती, पण कोर्टात दावा केला तो मालकीचा आणि वहिवाटीचा. तळं खासगी आहे आणि अस्पृश्यांनी तिथे न येण्याची चाल अनादी काळापासून आहे, असं म्हणणं मांडलं. जमलेल्या हजारोंना पाण्याला न शिवता परत पाठवणं बाबासाहेबांना सोपं गेलं नसणार. पण कोर्टाचा हुकूम त्यांनी पाळला आणि दहा वर्षं खटला लढवला. खालचं कोर्ट, मग अपील, मग मुंबई हायकोर्ट. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड यांच्या न्यायपीठाने निकाल दिला की अशी अनादी चाल सिद्ध झालेली नाही. लोक ज्याला हजारो वर्षांचा धर्म म्हणत होते, त्याचा पुरावा कोर्टात मागितल्यावर मिळाला नाही.

अफवेचा विषय निघालाच आहे तर पालकांना एक आठवण करून देते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे लोक होते. मोबाईलवर मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज फिरत होते. मारणारे कुणी सराईत गुन्हेगार नव्हते. आपल्यासारखे पालक त्यांत असणार, लेकरांच्या काळजीने घाबरलेले. पण संशय जाऊन बसला कुणावर? ज्यांना गाव नाही, शेत नाही, ओळख देणारं कुणी नाही, त्यांच्यावरच. त्या दिवसांत असे मेसेज आपल्या शाळांच्या ग्रुपवरही आले होते, तुम्हाला आठवत असेल.

महाडनंतर नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि पाच वर्षं चालला, देऊळ काही उघडलं नाही. १९३२ चा पुणे करार, १९३५ ची येवल्याची घोषणा, हे सगळं पाठ्यपुस्तकात येतं, म्हणून इथे लांबवत नाही. राज्यघटनेबद्दलही तुम्ही वाचलेलं आहे. हिंदू कोड बिलाबद्दल मात्र आपण दोन ओळींत उरकतो, आणि माझ्या मते ते मोठं नुकसान आहे.

देश स्वतंत्र झाल्यावर बाबासाहेब कायदामंत्री झाले. हिंदू कोड बिलाचा आधीचा मसुदा बी. एन. राव समितीने केला होता. बाबासाहेबांनी तो सुधारून संसदेसमोर आणला. त्यात होतं काय? एका पुरुषाला एकच बायको. नाइलाज झाला तर घटस्फोट. वेगळ्या जातीत केलेलं लग्न कायदेशीर. विधवेला आणि लेकीला मालमत्तेत हक्क, आणि तो पूर्ण मालकीचा. बस, एवढंच.

यावर १९४९ साली दिल्लीत जे झालं ते बघितलं की महाडच मोठ्या पडद्यावर दिसतं. सभा, मोर्चे, निषेधाचे ठराव. हिंदू कुटुंब मोडणार, भाऊ आणि बहीण कोर्टात उभे राहणार, जमिनीचे तुकडे होणार, बायका नवऱ्यांना सोडून जाणार. काहींनी तर भावाबहिणीची लग्नं लागतील इथपर्यंत मजल मारली. करपात्री महाराज विरोधात आघाडीवर होते. एका पूर्वास्पृश्याने धर्मशास्त्राच्या कामात पडू नये, हेही उघड बोललं गेलं. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांचाही विरोध होता.

आता बाबासाहेबांचा जवाब बघा. त्यांनी दाखवून दिलं की घटस्फोट हा काही परदेशातून आणलेला रोग नव्हे, देशातल्या बहुसंख्य जातींत तो रिवाजाने चालतच आहे. आपल्याला हे परकं नाही. आपल्या भागात पाट लावणे, फारकत घेणे हे शब्द जुन्या माणसांच्या तोंडी आजही आहेत. विधवेने दुसरं घर करणं शेतकरी आणि कारागीर जातींत सर्रास होतं. बडोदा संस्थानात तर १९३१ पासूनच घटस्फोटाचा कायदा होता. म्हणजे मूठभर वरच्या जातींची चाल, तीच संपूर्ण हिंदू संस्कृती म्हणून पुढे केली गेली, आणि ती बुडते म्हणून सगळ्यांनी रडायचं. ज्यांच्या आजीने स्वतः पाट लावला होता तेही त्या रडण्यात सामील झाले असतील, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

चर्चा लांबत गेली. सप्टेंबर १९५१ मध्ये मोजकी कलमं मंजूर होऊन बिल बाजूला ठेवलं गेलं. २७ सप्टेंबरला बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याला इतरही कारणं होती, ती त्यांनी सांगितलीही, पण हे एक मुख्य होतं. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत ते मुंबईतून सुमारे साडेचौदा हजार मतांनी पडले.

आणि मग ते आपल्याकडे आले. १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब भंडाऱ्यातून राखीव जागेसाठी उभे होते. त्या वेळी आजचा गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातच होता आणि आपण सगळे मध्य प्रदेशात होतो. मतदारसंघ दोन सदस्यांचा, एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव. मतदाराला दोन मतं. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता उभे होते. आपल्या लोकांनी दुसरं मत कुणालाच न देता वाया घालवावं, म्हणजे बाबासाहेबांचं पारडं जड होईल, असा हिशेब कार्यकर्त्यांनी मांडला होता, आणि बाबासाहेबांनी तो साफ नाकारला, असं त्या निवडणुकीबद्दल सांगितलं जातं. निकाल लागला. अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर आले, बाबासाहेब सुमारे आठ हजार मतांनी पडले. दलितांची मतं मेहतांना मिळाली, पण तिकडची मतं बाबासाहेबांकडे तेवढी वळली नाहीत, असा त्याचा अर्थ लावला जातो. आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातलं हे पान आहे. भाषणांत ते येत नाही, पण ते वगळायचं काही कारण मला दिसत नाही.

याच जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यात, खैरलांजी आहे. २९ सप्टेंबर २००६ ला तिथे एका दलित कुटुंबातल्या चौघांना मारलं गेलं, आई आणि तिची तीन लेकरं. पाठीमागे जमिनीचा वाद होता, पोलिसांत दिलेली साक्ष होती. पण त्यानंतर बाहेर चर्चा पसरली ती त्या माऊलीच्या चारित्र्याची. मी यावर लहान मुलांशी बोलत नाही, बोलूही नये. पण आपण मोठ्यांनी, निदान या जिल्ह्यातल्या शिक्षकांनी, १९१६ चा तो कोलंबियातला निबंध वाचताना ही गोष्ट मनात ठेवावी. जमिनीचं भांडण चारित्र्याच्या गोष्टीखाली किती लवकर झाकलं जातं, ते इथे शोधायला अमेरिकेला जावं लागत नाही.

पुढे काय झालं? बाजूला ठेवलेलं बिल तुकड्यातुकड्यांनी मंजूर झालं. १९५५ ला विवाह कायदा, १९५६ ला वारसा कायदा. बाबासाहेबांनी ते डोळ्यांनी बघितलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला त्यांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर, इथल्या कितीतरी घरांत त्या दिवसाच्या आठवणी आहेत. ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचं निधन झालं.

लेकीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासून मुलाएवढा हक्क मिळायला मात्र महाराष्ट्रात १९९४ आणि देशात २००५ साल उजाडलं. कायदा झाला, पण गावात काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे. धानाची दोन एकर बांधी असते, वडील जातात, आणि फेरफाराच्या वेळी बहिणीपुढे हक्कसोडपत्र येतं. सही केली नाही तर माहेर तुटेल, असं तिला सांगितलं जातं.

चौथी-पाचवीच्या वर्गासाठी एक कृती सुचवते. फळ्यावर तीन रकाने आखा. पहिल्यात काय मागितलं ते लिहा: तळ्याचं पाणी, लेकीचा वाटा. दुसऱ्यात लोक काय होईल म्हणत होते ते: तळं बाटेल, कुटुंब मोडेल. तिसरा रकाना कोरा ठेवा. मुलांना घरी आजी-आजोबांना विचारून यायला सांगा, की मग खरंच तसं झालं का. दोन दिवस द्या, कारण काही आज्या पहिल्या दिवशी बोलत नाहीत.